गुडघ्याची दुखापत आणि उपचार-चाचणी : सही करण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते माध्यमिक शाळेत सहशिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गुडघ्याची दुखापत' हा विषय पाहून आपल्यापैकी काही जणांना हसू आले असेल. शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात शिष्यवृत्तीवर बोलावे, मुलींच्या शिक्षणावर बोलावे. गुडघा हा काय विषय झाला? परंतु भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचे) ज्याचा गुडघा जातो त्याचे काय काय जाते, हे आपल्याला सांगायला नको. आपला सगळा मुलूख चढ-उताराचा. पावसाळ्यात भातखाचरात वाकून लावणी करायची, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालायचे, पोरांनी कबड्डी खेळायची, पाच वेळा नमाजला उभे राहायचे आणि सजद्यात जायचे. यांतले एकही काम गुडघ्यावाचून होत नाही.

आज मी आपल्याशी गुडघ्याच्या औषधपाण्याविषयी बोलणार नाही. तो माझा अधिकार नाही, तो डॉक्टरांचा. मला बोलायचे आहे ते एका सहीविषयी. 'क्लिनिकल ट्रायल' म्हणजे उपचाराची चाचणी. हा शब्द आता मोबाईलवर, जाहिरातीत, दवाखान्याच्या पाटीवर सर्रास दिसतो. त्या शब्दाला काही जण नाहक भितात आणि काही जण नाहक भुलतात. मी दोन्ही केले आहे, म्हणून सांगतो.

तोरण्याचा उतार

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही नववीची सहल घेऊन तोरण्यावर गेलो होतो. उतरताना बिनी दरवाजाच्या खाली मुरमावरून माझा पाय सरकला. पाऊल जागीच अडकले आणि अंग मात्र वळले. सुकी काटकी मोडावी तसा गुडघ्यात आवाज झाला. दोन दांडग्या मुलांच्या खांद्यांवर हात टाकून मी कसाबसा वेल्ह्यापर्यंत आलो. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा सुजला होता.

पुढे आपण सगळे जे करतो तेच मी केले. शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेतले. सूज आणखी वाढली. तीन आठवडे असेच गेले आणि मग पुण्याला जाऊन एमआरआय काढला. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणाऱ्या दोन मजबूत दोऱ्या फुलीसारख्या आडव्या-तिरप्या असतात. त्यांतली पुढची दोरी, जिला डॉक्टर लोक एसीएल म्हणतात, ती तुटली होती. शिवाय दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, कडेला फाटली होती. डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, "काहींना ऑपरेशन लागते, काहींचे व्यायामावर भागते. आधी सूज उतरू द्या, ताकद येऊ द्या, मग ठरवू."

हे 'मग ठरवू' माणसाला सोसत नाही. त्याच आठवड्यात एका नातेवाईकाने मोबाईलवर जाहिरात पाठवली. ऑपरेशन नाही, टाके नाहीत; स्टेम सेलचे एकच इंजेक्शन. 'क्लिनिकल ट्रायल सुरू, मोजक्याच जागा शिल्लक.' खर्च नव्वद हजार रुपये. मी त्या दवाखान्यात गेलो. माझ्यापुढे इंग्रजीतली चार पाने ठेवण्यात आली आणि टेबलामागच्या मुलीने बोट ठेवून दाखवले, "इथे, इथे आणि इथे." मी तिन्ही ठिकाणी सह्या केल्या. मित्रहो, बारा वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की प्रश्नपत्रिका दोनदा वाचा आणि मगच पेन उचला. त्या दिवशी मी एकदाही वाचली नाही.

शिक्षक पतसंस्थेत कर्जाचा अर्ज दिला. सोमवारी पैसे भरायचे होते. रविवारी माझा एक माजी विद्यार्थी मला पाहायला आला. तो बी. फार्म. करतो. सगळे ऐकून घेऊन त्याने दोनच प्रश्न विचारले. "सर, ट्रायल आहे तर पैसे कसले? आणि तिचा नोंदणी क्रमांक काय?" मी तेथल्या तेथे दवाखान्याला फोन लावला. उत्तर आले, "नंबर ऑफिसात आहे, तुम्ही आधी पैसे भरा, मग देऊ." पतसंस्थेतला अर्ज मी दुसऱ्या दिवशी मागे घेतला. शिकवलेल्या मुलाने शिक्षकाला शिकवावे, यापरते गुरुदक्षिणेचे दुसरे रूप मला ठाऊक नाही.

चाचणी म्हणजे नेमके काय?

एखादा उपचार खरोखर गुण देतो की रोग आपल्या गतीने बरा होतो आणि श्रेय उपचाराला मिळते, हे एकट्यादुकट्या रोग्यावरून कळत नाही. त्यासाठी सारख्या रोग्यांचे दोन गट करून तुलना करावी लागते. हा विचार नवा नाही आणि परकाही नाही. इराणातील रय् गावचे थोर हकीम अबू बक्र अल-राझी यांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की मेंदूच्या आवरणाच्या सुजेची लक्षणे दिसणाऱ्या काही रोग्यांचे त्यांनी रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, जेणेकरून फरक दिसावा. इब्न सीना यांनी आपल्या 'कानून' या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. त्यांत एक नियम असा की परीक्षा माणसाच्याच शरीरावर झाली पाहिजे. सिंहाला किंवा घोड्याला लागू पडलेले औषध माणसाला लागू पडेलच असे नाही.

आपल्या मुंबईची गोष्ट घ्या. १८९६ साली तेथे प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली आणि टोचलेले व न टोचलेले यांची तुलना केली. लोक लशीला घाबरत होते. तेव्हा जेमतेम विशीतले असलेले तिसरे आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी जागाही दिली. खोजा समाजातील पुष्कळ लोक मग पुढे आले. भीती जाते ती डोळ्यांसमोर खरे घडताना पाहिल्यावर. अर्थात आजच्या नियमांनी कैद्याच्या संमतीकडे फार बारकाईने पाहिले जाते, कारण कोंडलेल्या माणसाचे 'हो' हे मोकळ्या माणसाचे 'हो' नसते. संमती मोकळी हवी, हा धडा पुढे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकला. १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने आणि १९६४ साली हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने तो लिहून ठेवला.

गुडघ्याच्या चाचण्यांनी काय शिकवले?

आता गुडघ्याकडे येतो. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात संधिवाताच्या १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून गुडघा साफ करण्याचे ऑपरेशन त्या काळी जगभर होत असे. या चाचणीत काहींचा गुडघा साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीला केवळ चिरा दिल्या. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नव्हते. दोन वर्षांनंतर पाहिले तर खऱ्या ऑपरेशनवाल्यांचे दुखणे नुसत्या चिरांवाल्यांपेक्षा कमी झालेले नव्हते! आपणास वाटेल, ही तर फसवणूक झाली. परंतु तसे नव्हते. आपल्याला कदाचित नुसत्याच चिरा मिळतील, हे प्रत्येक रुग्णाला आधी सांगितले होते आणि तसे त्याला स्वतः लिहून द्यावे लागले होते. पात्र ठरलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी 'आम्हाला यात यायचे नाही' असे सांगितले आणि ते घरी गेले. हा आकडा आपण लक्षात ठेवा. नाही म्हणणे हा अपमान नव्हे. तो या व्यवहाराचाच एक भाग आहे.

२०१३ साली फिनलंडमधून असाच निकाल आला. वयोमानाने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांत गादी कापण्याचे ऑपरेशन आणि नुसते ऑपरेशनचे नाटक यांत वर्षभरानंतर फरक दिसला नाही. स्वीडनमध्ये एसीएल नुकतीच तुटलेल्या १२१ तरुणांची चाचणी झाली. तिचा निकाल २०१० सालचा. निम्म्यांचे ऑपरेशन लवकर केले. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन असे ठरवले. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच निघाले. त्या ५९ पैकी २३ जणांना मागाहून ऑपरेशन लागले, ३६ जणांना त्या दोन वर्षांत लागलेच नाही.

म्हणजे ऑपरेशन नकोच, असे कोणी समजू नये. २०२२ साली ब्रिटनमधील ३१६ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. त्यांची दुखापत जुनी होती आणि गुडघा पुनःपुन्हा दगा देत होता. तेथे ऑपरेशन सरस ठरले. दोरी तीच, परंतु कोणाची, कधी तुटलेली, पुढे काय त्रास देणारी, यावर उत्तर बदलले. हे शहाणपण डॉक्टरांना आकाशातून मिळाले नाही. ते आपल्यासारख्याच लंगडत आलेल्या माणसांनी दिले.

एवढ्या लांब कशाला जायचे? आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. बाळांना जुलाबापासून वाचवणाऱ्या रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपला पुणे जिल्हा या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर झाली. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला आणि २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. आज आपल्या गावातले बाळ ती लस फुकट घेते. तिच्यामागे खेड्यातल्याच आईबापांनी विचार करून केलेली सही आहे.

चाचणी शोधावी कशी?

भारतात चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे. तिचे नाव 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया', थोडक्यात सीटीआरआय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ती २००७ साली सुरू केली. औषध नियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून तेथे सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद व्हावी लागते. ही नोंदवही मोबाईलवर कोणालाही उघडता येते. पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही.

ती इंग्रजीत आहे, ही आपली खरी अडचण. परंतु घरात नववी-दहावीचे पोर असेल तर ती अडचण निम्मी सरते. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'नी' म्हणजे गुडघा, किंवा 'अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट', किंवा 'मेनिस्कस' असे लिहायचे. स्पेलिंग एमआरआयच्या अहवालावरून उतरून घ्यावे. पुष्कळ नोंदी दिसतील. घाबरून जाऊ नका. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी आधी पाहा.

पहिली, भरती चालू आहे का. 'ओपन टू रिक्रूटमेंट' असे असेल तरच पुढे वाचा. दुसरी, ठिकाण. पुण्यातील रुग्णालय असेल तर स्वारगेटपर्यंतची एस.टी. आपल्याला परवडेल, दिल्लीचे असेल तर सोडून द्या. तिसरी, कोणाला घेणार आणि कोणाला नाही, याच्या अटी: वय, दुखापत किती जुनी, आधी ऑपरेशन झाले आहे का, मधुमेह आहे का. चौथी, नैतिकता समितीची, म्हणजे इथिक्स कमिटीची मान्यता मिळाली आहे का. याच पानावर चौकशीसाठी जबाबदार व्यक्तीचे नाव आणि फोन दिलेला असतो. त्यावर सरळ फोन करावा. हातात एमआरआयचा अहवाल, दुखापतीची तारीख आणि चालू औषधांची यादी ठेवावी. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही ते पान दाखवावे.

एक सावधगिरी. नोंद झाली म्हणजे सरकारने उपचाराला शिफारसपत्र दिले, असे नव्हे. नोंद म्हणजे फक्त इतकेच की हे काम उजेडात चालले आहे आणि त्यात काय करणार ते आधी लिहून दिले आहे. नोंद नसेल तर मात्र आपण अंधारात आहोत, हे नक्की.

स्टेम सेल हे सगळेच थोतांड, असेही मी म्हणत नाही. गुडघ्याच्या संधिवातावरील एका भारतीय स्टेम सेल उत्पादनाला २०२२ साली औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, आणि ती चाचण्यांनंतर मिळाली. परंतु आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताचे काही आजार वगळता जो स्टेम सेल उपचार मंजूर झालेला नाही, तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देणे योग्य नाही. मग चाचणीचे नाव घेऊन नव्वद हजार मागणाऱ्याला आपण काय म्हणायचे, ते आपणच ठरवा.

माझे पुढे काय झाले?

त्या विद्यार्थ्याने आणि मी मिळून नोंदवही चाळली. एका चाचणीला फोन केला. तिथल्या समन्वयक बाईंनी दुखापतीची तारीख विचारली आणि नम्रपणे सांगितले की आपण मुदतीच्या पलीकडे गेला आहात. तेलाने चोळण्यात घालवलेले आठवडे असे अंगावर आले. दुसरी चाचणी व्यायामाच्या दोन पद्धतींची तुलना करणारी होती. तीत औषध नव्हते, सुई नव्हती. तेथे मी बसलो.

या वेळी माहितीपत्रक मराठीत होते, सहा पानांचे. मी ते घरी आणले. चार दिवस ठेवले. माझ्या पत्नीने पेन्सिलीने सात ठिकाणी खुणा केल्या आणि समासात प्रश्न लिहिले. 'दर आठवड्याला पुण्याला जाण्यात शाळेच्या किती रजा जातील?' हा तिचा पहिला प्रश्न होता, आणि खरे सांगतो, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. सातही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मी सही केली आणि सही केलेली एक प्रत घरी आणली. कोणती पद्धत मिळणार ते संगणकाने चिठ्ठी टाकावी तसे ठरवले; ना मी ठरवले, ना डॉक्टरांनी. एस.टी.चे भाडे परत मिळाले. त्याखेरीज माझा एक पैसा गेला नाही.

आज मी चालतो, शिकवतो, रायरेश्वरापर्यंत मुलांबरोबर गेलोही. सजद्यातून उठताना जमिनीला हात लावावा लागतो, एवढे राहिले आहे. माझ्या गटाचा व्यायाम बरा की दुसऱ्याचा, हे मला आजही ठाऊक नाही. सगळ्यांच्या नोंदी एकत्र झाल्यावर ते ठरेल. चाचणीत जाणाऱ्याने हे मनाशी पक्के ठेवावे. आपल्याला गुण येईलच असे वचन तेथे कोणी देत नाही, आणि जो देतो तो चाचणी करीत नाही, दुकान चालवतो.

एका बापाचा प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या कबड्डी संघातील एका चढाईपटूचे अब्बा माझ्याकडे आले. ते टेम्पो चालवतात. मुलगा सोळा वर्षांचा. पकडीत गुडघा पिळला, तोच आवाज, तीच सूज. त्यांच्या हातात तशीच एक जाहिरात होती आणि घरातले दागिने गहाण ठेवायचे त्यांनी ठरवले होते. मला म्हणाले, "सर, तुम्ही ट्रायलमध्ये होता ना? मग पोराला पण घाला." मी त्यांना माझ्या त्या तीन सह्यांची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघे आणि तो मुलगा शाळेच्या संगणकापुढे बसलो. दोन तास शोधले. भरती चालू असलेल्या आणि जवळच्या ज्या चाचण्या सापडल्या, त्या अठरा वर्षांवरील लोकांसाठी होत्या. त्याच्याजोगी एकही मिळाली नाही.

त्या बापाचा चेहरा उतरला. परंतु 'नाही' हेही एक उत्तर असते, आणि ते फुकट मिळाले होते. दागिने घरातच राहिले. मुलाला पुण्याच्या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभागात नेले, तेथे व्यायाम सुरू झाला. ऑपरेशन करायचे की नाही हे ते, त्यांचे डॉक्टर आणि मुलगा मिळून ठरवीत आहेत. तो मुलगा आज याच मंडपात स्वयंसेवकाचा बिल्ला लावून उभा आहे. त्याच्याकडे बोट दाखवून मी त्याला लाजवणार नाही.

पालकांनी एवढे मात्र जाणून घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलासाठी आईवडिलांची संमती लागते, तशीच समज असलेल्या मुलाची स्वतःचीही मान्यता घ्यावी लागते. आपण 'हो' म्हटले आणि पोर 'नको' म्हणत असेल, तर त्याचे ऐकले पाहिजे.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

घरी जाऊन भिंतीवर लावता यावेत म्हणून हे प्रश्न क्रमाने देतो.

१. या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय? (तो 'सीटीआरआय', मग वर्ष, महिना आणि आकडा असा असतो.)
२. माहितीपत्रक मराठीत, अगर मला कळेल त्या भाषेत, घरी न्यायला मिळेल का?
३. मला कोणकोणते उपचार मिळू शकतात, आणि ते कोण ठरवणार?
४. चाचणीत आलो नाही तर माझ्यावर कोणता उपचार होईल?
५. धोके कोणते? इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार?
६. किती खेपा, किती दिवस, आणि येण्याजाण्याचा खर्च मिळणार का?
७. मधेच सोडावेसे वाटले तर माझ्या नेहमीच्या उपचारात काही फरक पडेल का?
८. नैतिकता समितीच्या सचिवांचा पत्ता आणि फोन कुठे लिहिला आहे?

ही उत्तरे देणे ही मेहरबानी नव्हे. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी १९ मार्च २०१९ पासून देशात स्वतंत्र नियम लागू आहेत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नियमाप्रमाणे भरपाई द्यावी लागते. सहभागी व्यक्ती कधीही बाहेर पडू शकते. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर सगळे समजावून सांगावे लागते. नैतिकता समितीत निदान सात सभासद लागतात. त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारा आणि एक आपल्यासारखा सामान्य माणूस असावा लागतो, आणि निम्मे तरी बाहेरचे असावे लागतात. हे नियम सहज आले नाहीत. गरिबांना न सांगता चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी देशात झाल्या, इंदूरच्या 'स्वास्थ्य अधिकार मंच' या संस्थेने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि त्या काळात भरपाईचे व संमतीचे नियम कडक झाले. आपल्या माणसांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. मात्र आज त्या भीतीच्या हातात कायदा आहे. तो वापरला पाहिजे.

आपले काही खास प्रश्नही असतात आणि ते विचारण्यात संकोच नको. रमजानमध्ये दिवसा गोळी घ्यायची असेल तर वेळ बदलता येते का, हे सही करण्याआधी विचारावे. रोजा धरून गुपचूप गोळी टाळू नये, त्याने आपलेही नुकसान आणि चाचणीचेही. गुडघ्यात देण्याचे काही पदार्थ प्राण्यांपासून बनतात; एक प्रसिद्ध इंजेक्शन तर कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेल्या पदार्थाचे असते. आपल्याला देणार ते कशापासून बनले आहे, हे जाणण्याचा आपल्याला हक्क आहे. स्त्रियांना तपासणीसाठी स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसे आधी सांगावे. आणि गुडघ्याने तुम्हाला काय करता आले पाहिजे, हे विचारले नाही तरी सांगा. खुर्चीवर बसता आले की शहरातल्या माणसाचे भागते. आपल्याला खाचरात उतरायचे असते, जमिनीवर बसायचे असते. आपण चाचण्यांत गेलोच नाही तर त्यांची उत्तरे आपल्या गुडघ्यांना कशी लागू पडणार?

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, आपण इंग्रजी कशासाठी शिकायचे, असे तुम्ही मला वर्गात विचारता. परीक्षेसाठी तर खरेच. परंतु एखाद्या संध्याकाळी तुमचे अब्बा किंवा अम्मी एक कागद घेऊन घरी येतील आणि म्हणतील, "बाळ, यात काय लिहिलंय बघ." त्या वेळी तुम्हाला तो वाचता आला पाहिजे. आणि पालकहो, त्या वेळी पोराला थांबवू नका, "डॉक्टरांना काय विचारायचं" असे म्हणू नका. चांगला डॉक्टर प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्यापुढे पेन उचलू नका.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी संगणक कक्षात तासभर बसणार आहे. ज्यांना असा कागद वाचून घ्यायचा असेल त्यांनी यावे. मी डॉक्टर नाही, सल्ला देणार नाही. फक्त आपण मिळून वाचू, दोनदा वाचू.